घरगुती ट्यूब गिटार अँप: निगेटिव्ह फीडबॅक जोडला की ओरडतो (सिंगल-एंडेड ६व्ही६)

मानेवाडा_सहातारी
रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. चार महिने खपून एक छोटा गिटार अँप उभा केला आहे. फेंडरचं १९५० च्या दशकातलं ५एफ१ चॅम्पचं सर्किट समोर ठेवून काम केलं: एक १२एएक्स७ (आत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे) आणि आउटपुटला एकच ६व्ही६जीटी, म्हणून सिंगल-एंडेड. ५वाय३ रेक्टिफायर ट्यूब न घेता १एन४००७ चे चार डायोड लावलेत. चेसिस कूलरच्या बॉड्या बनवणाऱ्याकडून जीआय पत्रा वाकवून करून घेतली. दोन्ही ट्रान्सफॉर्मर इथल्याच एका रिवाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेतले, आउटपुटचा ५ के (किलोओहम) ते ८ ओहम. स्पीकर दहा इंची, ८ ओहम. रेझिस्टन्स, डायोड इथे नागपुरात बर्डीवर मिळाले. ट्यूब आणि ऑक्टल सॉकेट मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवले.

फीडबॅकची तार (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत आत देणारी) न जोडता अँप चालतो. आवाज येतो, हमिंग फार नाही. ६व्ही६ च्या आतल्या भागांचे व्होल्टेज असे आहेत: प्लेट ३०५, स्क्रीन २७५, कॅथोड १७.५ (रेझिस्टन्स ४७० ओहम).

अडचण अशी, की स्पीकरच्या गरम टोकापासून दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला जाणारा फीडबॅकचा २२ के रेझिस्टन्स जोडला, की कानठळ्या बसतील इतका ओरडतो. व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी तसाच. दोन सेकंदांत स्विच बंद केला. आई आतल्या खोलीतून धावत आली. तिला वाटलं कूलरचा पंखा जाळीला लागला.

वायरिंग तीन वेळा तपासलं. कुठे पाहू?


प्लेट_व्होल्टेज
रविवार, रात्री ११:५२

व्होल्टेज दिलेत ते बरं झालं. १७.५ भागिले ४७० म्हणजे ३७ मिलिअँपियर. त्यातले दोनेक स्क्रीनचे धरले तर प्लेटवर सुमारे १० वॅट. ६व्ही६ आरामात आहे.

तुमच्या पोस्टमधलं सगळ्यात कामाचं वाक्य 'व्हॉल्यूम शून्यावर ठेवला तरी' हे आहे. या सर्किटमध्ये व्हॉल्यूमचा पॉट पहिल्या आणि दुसऱ्या ट्रायोडच्या मधे येतो. फीडबॅकचा फेरा दुसऱ्या ट्रायोडपासून सुरू होऊन ६व्ही६, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर असा फिरून पुन्हा दुसऱ्या ट्रायोडवर येतो. म्हणजे पॉट या फेऱ्याच्या बाहेर आहे. व्हॉल्यूम शून्य करूनही ओरडतोय तर दोष फेऱ्याच्या आतच. व्हॉल्यूम वाढवल्यावरच ओरडला असता तर मी इनपुटच्या तारा बघायला सांगितल्या असत्या.

फेऱ्याच्या आत इतका सरळसोट ओरडा म्हणजे बहुतेक फीडबॅक निगेटिव्ह न होता पॉझिटिव्ह झालाय. ट्रान्सफॉर्मरच्या तारांना रंग असले तरी घरगुती वाइंडिंगमध्ये कुठलं टोक कुठल्या फेजचं, म्हणजे सुलटं की उलटं, हे कुणी लिहून देत नाही. पन्नास टक्के शक्यता उलटं लागण्याची असतेच.


खामल्याचा_बेस
सोमवार, सकाळी ८:०५

भाऊ, हे तर माह्याही सोबत झालं होतं. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीच्या (ट्यूबकडच्या गुंडाळीच्या) दोन तारा अदलाबदल करून टाक. पाच मिनिटांचं काम आहे. ओरडणं बंद होऊन जाते.


जुनारेडिओ
सोमवार, सकाळी ९:३०

थांब बाळा, प्रायमरीला हात लावू नकोस. फेज बदलायचीच असेल तर सेकंडरीची, म्हणजे स्पीकरकडच्या गुंडाळीची, टोकं बदल, म्हणजे जे टोक आज चेसिसला आहे ते स्पीकरच्या गरम बाजूला आणि गरम बाजूचं चेसिसला.

कारण सांगतो. मी महाल भागात तीस वर्षं व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले. प्रायमरीची सुरुवात बॉबिनच्या तळाशी, कोअरजवळ असते आणि शेवट वर, सेकंडरीला लागून. कागदावर दोन्ही टोकं सारखी दिसतात, पण सेकंडरीशी आणि कोअरशी असलेली त्यांची कपॅसिटी वेगळी असते. गुंडाळणाऱ्याने एक टोक प्लेटचं म्हणून दिलं असेल तर ते तसंच राहू दे. सेकंडरीवर इन-मिन काही व्होल्ट, तिथे अदलाबदल केली तर काही बिघडत नाही. शिवाय प्रायमरीच्या दोन्ही तारांवर ३०० च्या वर व्होल्टेज बसलेलं असतं.

दुसरं. आत हात घालण्याआधी प्लग काढ आणि ४७ के, ५ वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपने मोठ्या कंडेन्सरवर पंधरा सेकंद धरून ठेव. मग मीटर लावून शून्य आलं का ते बघ, आणि मगच बोट घाल. पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्डावर साठचा बल्ब लाव. माप घेताना मात्र बल्ब काढ, नाहीतर सगळे व्होल्टेज कमी दिसतील.


प्लेट_व्होल्टेज
सोमवार, सकाळी १०:१४

काकांशी सहमत. पण अदलाबदल करण्याआधी फेज मोजून घेता येते, ते एकदा करा. पुढे कुठल्याही अँपला उपयोगी पडेल.

स्पीकर काढून ८ ओहमचा डमी लोड लावा. १० वॅटचा सिमेंट रेझिस्टन्स चालतो. आउटपुट मोकळं ठेवून ट्यूब अँप कधीही चालवू नका. मोबाइलवरून एक किलोहर्ट्झचा टोन द्या आणि डमीवर बरोबर २ व्होल्ट एसी येतील इतका व्हॉल्यूम ठेवा. आता २२ के ऐवजी १०० के फीडबॅकला लावा. फीडबॅक इतका थोडा असला की उलटा लागला तरी अँप ओरडत नाही, नुसता आवाज वाढतो. मीटर २ च्या खाली आला तर निगेटिव्ह, वर गेला तर पॉझिटिव्ह.

सेकंडरीचं एक टोक चेसिसला जोडलंय ना, हेही बघा. ते राहून गेलं तर फीडबॅकला संदर्भच मिळत नाही आणि तासन्‌तास डोकं फोडूनही काही हाती लागत नाही.


मानेवाडा_सहातारी
सोमवार, रात्री १०:४०

काका, प्लेटभाऊ, मनापासून आभार. सांगितलं तसंच केलं.

१०० के लावल्यावर मीटर २.०० वरून २.६५ वर गेला. म्हणजे पॉझिटिव्हच. प्लग काढला, कंडेन्सर रिकामा केला, सेकंडरीची टोकं बदलली. पुन्हा तोच टोन, तोच व्हॉल्यूम:

तार नाही: २.००
१०० के: १.६२
२२ के: ०.९७

ओरडणं बंद! मीटरचा काटा खाली येताना बघून जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येत नाही.

पण डमी काढून स्पीकर लावला आणि गिटार जोडली, तर आवाज विचित्र येतोय. ओरडत नाही, पण सूर फाटका. खालची मोकळी ई वाजवली की आधी ठीक, मग एकदम फर्र होऊन सूर मधेच मरतो. आवाजही कमी. २२ के ची तार सोडवली की सगळं स्वच्छ. डमीवर टोन ऐकताना, म्हणजे मीटरवर, काहीच वावगं नव्हतं.


खामल्याचा_बेस
सोमवार, रात्री ११:०२

मंग काऊन लावून रायला फीडबॅक? व्हॉक्सच्या एसी३० मध्ये नाही, फेंडरच्या ५ई३ डीलक्समध्ये नाही. लोकं त्याच आवाजासाठी जीव टाकतात. तार काढून टाक आन् वाजव मस्त.


मानेवाडा_सहातारी
सोमवार, रात्री ११:२०

दादा, तुमचं म्हणणं खरं आहे, त्या अँपचा आवाज मलाही आवडतो. पण मी जास्त करून स्वच्छ आवाजात, भावगीतांच्या साथीला वाजवतो. फीडबॅक नसताना माझ्या स्पीकरचा खालचा सूर ढबढब करतो, एक ठरावीक स्वर फुगतो. डमीवर फीडबॅक लावून ऐकण्याचा प्रश्नच नव्हता, पण मला तो घट्ट आवाज हवाय. आणि खरं सांगायचं तर सर्किटमध्ये आहे, तर तो का चालत नाही ते कळल्याशिवाय मला झोप लागणार नाही.


प्लेट_व्होल्टेज
मंगळवार, सकाळी ७:४८

ढबढब होण्याचं कारण बरोबर पकडलंत. ६व्ही६ सारख्या बीम ट्यूबचा आउटपुट इम्पीडन्स जास्त असतो, त्यामुळे स्पीकरच्या नैसर्गिक कंपनाला ती आवर घालू शकत नाही. फीडबॅक तो आवर घालतो. फेऱ्याच्या आतली विकृती आणि हमिंगही कमी होतं.

आता फाटक्या सुराकडे. मला संशय आहे की अँप अजूनही ओरडतोय, फक्त आपल्या कानांच्या पलीकडे. एक तपासणी घरच्या मीटरवर होईल. गिटार काढा, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर लावलेला. फीडबॅकची तार सोडून ६व्ही६ ची स्क्रीन आणि कॅथोड मोजा. मग प्लग काढून, कंडेन्सर रिकामा करून तार जोडा आणि परत मोजा. सिग्नल नसताना हे व्होल्टेज जागचे हलायला नकोत. हलले तर आत काहीतरी चालू आहे.


मानेवाडा_सहातारी
मंगळवार, रात्री ९:५५

हलले.

तार सोडलेली: स्क्रीन २७५, कॅथोड १७.५.
तार जोडलेली: स्क्रीन २३८, कॅथोड १५.९.

खोलीत पूर्ण शांतता. मी कूलरसुद्धा बंद ठेवला होता. आणि त्या शांततेत स्क्रीनचे सदतीस व्होल्ट कमी झालेले. मीटरची क्लिप धरून मी बराच वेळ नुसता त्या आकड्याकडे बघत बसलो. प्रोब धरण्यासाठी हात चेसिसच्या मागच्या बाजूला, जिथून फीडबॅकची तार जाते तिथे, नेला की आकडा २३८ चा २४६ होतो आणि हात काढला की परत २३८. हात तारेला लागत नाही, चारेक इंच लांबच असतो.


वर्धेची_लॅब
मंगळवार, रात्री १०:३०

हात जवळ नेल्यावर आकडा बदलतो म्हणजे तार अँटेनासारखी वागतेय. मी वर्ध्याला असते, पण शनिवारी नागपूरला बहिणीकडे येणार आहे. माझ्याकडे छोटा डिजिटल स्कोप (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे. घेऊन येऊ का? मानेवाडा रिंग रोडच्या जवळच उतरते.


मानेवाडा_सहातारी
मंगळवार, रात्री १०:३३

ताई, नक्की या! तर्री-पोहे माझ्याकडून.


जुनारेडिओ
बुधवार, दुपारी १:१५

शनिवारपर्यंत वेळ आहे तोवर एक गोष्ट सांगतो. हॅरॉल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅब्जमधला (अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतला) तरुण इंजिनिअर होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनवर एकामागे एक अँप्लिफायर लावावे लागत आणि प्रत्येकाची विकृती पुढच्यात मिसळत जाई. सहा वर्षं तो त्याच्या मागे होता. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत, त्याला सुचलं की आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला द्यावा. हातात वर्तमानपत्र होतं, त्याच्याच पानावर त्याने आकृती काढली आणि समीकरण लिहिलं. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. गेन (सिग्नल किती पट वाढतो ते) मुद्दाम घालवून काही मिळवता येतं, हे लोकांना पटतच नव्हतं.

पण मुद्दा पुढचा आहे. असे अँप्लिफायर 'गायला' लागायचे, तेव्हाचे इंजिनिअर हाच शब्द वापरत. आपण फीडबॅक उलटा करून देतो खरा, पण ट्रान्सफॉर्मर आणि कंडेन्सर प्रत्येक वारंवारितेला थोडा थोडा उशीर लावतात. वर कुठेतरी तो उशीर एवढा होतो की उलटा केलेला सिग्नल परत सुलटा होऊन पोचतो. तिथे फेऱ्याचा गेन एकच्या वर असला की अँप गातोच. याचा पक्का नियम नाइक्विस्टने १९३२ मध्ये दिला, पुढे तोही बेल लॅब्जमध्येच होता.

म्हणून तुझ्या अँपमध्ये दोन वेगळे दोष होते. एक हजार हर्ट्झला फेज उलटी होती ती तू सुधारलीस. आता राहिलाय तो वरचा उशीर. पहिल्या दोषाच्या गोंगाटात दुसरा दिसला नव्हता.

खालच्या बाजूलाही असंच होतं बरं का. तिथे कपलिंग कंडेन्सर आणि प्रायमरीचा इंडक्टन्स फेज उलट दिशेला, म्हणजे पुढे, सरकवतात, मग मोटारबोटीसारखं फट-फट-फट येतं. तुझ्याकडे ते नाही.


मानेवाडा_सहातारी
शनिवार, रात्री ११:४५

ताई आल्या होत्या. जे पाहिलं ते सविस्तर लिहितो.

गिटार नाही, व्हॉल्यूम शून्य, स्पीकर जोडलेला, २२ के जोडलेला. स्कोपचा प्रोब स्पीकरच्या गरम टोकाला. आधी पडद्यावर नुसता जाड हिरवा पट्टा दिसला, मला वाटलं स्कोपच बिघडला. ताईंनी टाइमबेसची कळ फिरवत नेली तसा पट्टा विरळ होत गेला आणि एकदम त्यातून साइन वेव्ह उघडली, अगदी गुळगुळीत, कुणी हाताने काढल्यासारखी. एक लाट १७ मायक्रोसेकंदांत. म्हणजे ५९ किलोहर्ट्झच्या आसपास. शिखरापासून तळापर्यंत सहा व्होल्ट. कुत्र्यालाही ऐकू येणार नाही असा आवाज माझा अँप पाच दिवस काढत होता.

मग ताईंनी स्पीकर काढून डमी लावायला सांगितला. लाट गायब. सरळ रेघ. परत स्पीकर, परत लाट. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

दुसरी गोष्ट त्यांनी नुसतं बघून दाखवली. माझी फीडबॅकची तार मी सुबक दिसावी म्हणून ६व्ही६ च्या प्लेटच्या लाल तारेसोबत वळून, दोन्हींना एकत्र धागा बांधून नेली होती. पूर्ण सात इंच. त्यांनी लाकडी काडीने ती तार बाजूला ढकलली तर स्कोपवरची लाट सहाची साडेचार झाली, आणि काडी काढली की परत सहा. सुबकपणाचं एवढं वाईट फळ मी पहिल्यांदा पाहिलं.


प्लेट_व्होल्टेज
रविवार, सकाळी ८:२०

फार सुंदर निरीक्षण. डमी आणि स्पीकर यांच्यातल्या फरकातच उत्तर आहे.

डमी हा रेझिस्टन्स आहे, ५९ किलोहर्ट्झलाही ८ ओहमच राहतो. स्पीकरची व्हॉइस कॉइल ही गुंडाळी आहे, तिचा इम्पीडन्स वर चढत जातो. ८ ओहम हा आकडा चारशे-हजार हर्ट्झच्या आसपासचा. ५९ किलोहर्ट्झला तो कितीतरी पट होतो. आणि बीम ट्यूब ही जवळजवळ करंट सोर्स असल्यामुळे लोड वाढला की गेनही तितकाच वाढतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा उशीर जिथे सगळ्यात जास्त, नेमका तिथेच तुमच्या फेऱ्याचा गेन वाढलेला. म्हणून डमीवर केलेली तपासणी कधीच पुरी समजू नका.

दुसरं, २२ के हा आकडा मूळ सर्किटमध्ये ४ ओहमच्या आसपासच्या स्पीकरसाठी आहे. तुम्ही तो ८ ओहमवर लावलात. तेवढ्याच पॉवरला ८ ओहमवर व्होल्टेज १.४ पट असतं, म्हणून फीडबॅकही तेवढा जास्त परत येतो. तोच फीडबॅक हवा असेल तर २२ गुणिले १.४, म्हणजे ३१. बाजारात ३३ के मिळतो, तो लावा. १६ ओहमवर दुप्पट, म्हणजे ४७ के लागला असता. मार्शलच्या जेटीएम४५ ला फेंडरच्या बॅसमनचाच २७ के आहे, पण बॅसमनचा २ ओहमवरून आणि मार्शलचा १६ ओहमवरून घेतलेला. आकडा तोच, फीडबॅक कितीतरी जास्त. नुसता रेझिस्टन्स बघून काही कळत नाही, तो कुठल्या टॅपवरून आलाय ते आधी बघायचं.

क्रम असा ठेवा. आधी तार. तिला चेसिसच्या दुसऱ्या कडेने, पत्र्याला चिकटवून न्या. मग ३३ के. मग ६व्ही६ च्या ग्रिडला, सॉकेटच्या पायावरच, १.५ के. तरीही गायला तर स्पीकरवर १० ओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये. ऐकू येणाऱ्या भागात त्याचा परिणाम नगण्य, पण वरच्या भागात स्पीकरला सुटू देत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक वेळी लिहून ठेवा.


खामल्याचा_बेस
रविवार, सकाळी ११:१०

एक माझंही विचारून घेतो, धागा चालू आहे तर. माह्यापाशी बॅसमनच्या सर्किटवर बनवलेला पुश-पुल (दोन आउटपुट ट्यूबचा) आहे. त्याचा प्रेझेन्सचा पॉट फिरवला का खर्र-खर्र होते. तीनदा नवा टाकला. काय करू भाऊ?


जुनारेडिओ
रविवार, सकाळी ११:४०

त्या सर्किटमध्ये प्रेझेन्सच्या ५ के पॉटमधून फेज इन्व्हर्टरचा डीसी करंट जातो. डीसी असलेला पॉट खरखरणारच, नवा टाकलास तरी. घाबरण्यासारखं काही नाही. पुश-पुलमध्ये फेज उलटी लागली तर मात्र दोन प्लेटच्या तारा एकमेकींशी बदलायच्या, तिथे ते रास्त आहे, कारण दोन्ही बाजू सारख्याच असतात. तुझा सल्ला त्या अनुभवातून आला असेल.


खामल्याचा_बेस
रविवार, सकाळी ११:४४

हो काका, तसंच होतं. माझा पुश-पुल होता, याचा सिंगल आहे हे ध्यानातच नाही आलं.


मानेवाडा_सहातारी
सोमवार, रात्री १०:१८

ताईंनी स्कोप आठवडाभर माझ्याकडे ठेवलाय. एका वेळी एक बदल, सगळं वहीत लिहिलं:

तार पत्र्याच्या कडेने नेली, धागा कापला. सहा व्होल्टची लाट ३.८ झाली.
३३ के लावला. लाट ताबडतोब येत नाही, पण गिटारची तार जोरात छेडली की उगवते आणि सूर संपेपर्यंत टिकते.
ग्रिडला १.५ के. फरक जवळजवळ नाही, तरी राहू दिला.
स्पीकरवर १० ओहम, ५ वॅट आणि ०.२२, २५० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर. लाट गेली. कितीही जोरात छेडलं तरी नाही.

स्क्रीन २७५, कॅथोड १७.५, तार जोडलेली असताना. डमीवर टोन लावून मोजलं तर ३३ के ला २.०० चे १.१६ होतात, म्हणजे पावणेपाच डेसिबलचा फीडबॅक.

आणि आवाज! मोकळी ई आता शेवटपर्यंत ऐकू येते, सूर विझताना लाकूड ऐकू येतं. तो फुगणारा स्वर बाकीच्यांच्या ओळीत आलाय. काल रात्री अकरापर्यंत वाजवत होतो, शेजाऱ्यांनी काही म्हटलं नाही.


जुनारेडिओ
मंगळवार, सकाळी ९:१०

शाब्बास. तरी मला एक बोलू दे. कंडेन्सर आणि रेझिस्टन्स लावून गाणं थांबलं हे चांगलंच, पण तुझ्या ट्रान्सफॉर्मरला एवढा उशीर का लागतोय, हा प्रश्न उरतोच. जुन्या रेडिओत बहुधा आउटपुटच्या प्रायमरीवर एक कंडेन्सर असायचाच, आम्हीही तो बदलून मोकळे व्हायचो. पण गिटारच्या अँपला तू एवढे कष्ट घेतलेस, तर एक पाऊल पुढे जा.

गुंडाळणाऱ्याला विचार, आधी सगळी प्रायमरी आणि तिच्यावर सगळी सेकंडरी, असंच केलंय का? तसं असेल तर दोघींमधला लीकेज इंडक्टन्स मोठा येणार, आणि वरचा उशीर त्यानेच वाढतो. अर्धी प्रायमरी, मग सेकंडरी, मग उरलेली अर्धी प्रायमरी असं सँडविच केलं की तो साधारण चौथ्या हिश्शावर येतो. वेढे तितकेच, तार तीच, फक्त क्रम वेगळा आणि मधे एकदा जास्त कागद.

आणि पत्र्या कशा भरल्यात तेही बघ. मेनच्या ट्रान्सफॉर्मरला ई आणि आय एकाआड एक उलट-सुलट भरतात. सिंगल-एंडेड आउटपुटला तसं चालत नाही. त्यातून सतत ३५ मिलिअँपियर डीसी जातो, कोअर भरून जातो आणि खालचे सूर पातळ होतात. सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने आणि मधे कागदाची पट्टी, असा गॅप लागतो.


मानेवाडा_सहातारी
मंगळवार, सकाळी ९:३५

गॅप आहे काका, ते मी गुंडाळणाऱ्या भाऊंना आधीच सांगितलं होतं. सँडविचचं मात्र मला माहीतच नव्हतं, म्हणून मीच सांगितलं नाही. त्यांची काही चूक नाही. मी जसं मागितलं तसं त्यांनी दिलं.


वर्धेची_लॅब
मंगळवार, रात्री ८:५०

नवा करून घेतलास तर जुना फेकू नकोस, तुलना करायला हवा. जोडण्याआधी रेशो तपास. सेकंडरीला छोट्या ट्रान्सफॉर्मरचे ६ व्होल्ट एसी दे आणि प्रायमरीवर किती येतात ते मोज. १५० च्या आसपास आले तर २५ पट. २५ चा वर्ग गुणिले ८ म्हणजे ५ के. मोजताना प्रायमरीला हात लावू नकोस, १५० व्होल्टही पुरेसे असतात.


मानेवाडा_सहातारी
तीन आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:३०

उशीर झाला, नवतपा सुरू झाला होता आणि वरच्या खोलीत दुपारी सोल्डरिंग आयर्न धरवत नव्हतं. ४५ अंशांत सगळे मोठे कंडेन्सर १०५ अंशांचे टाकून घेतले, आधी ८५ चे होते. दहा अंश जास्त तापले की त्यांचं आयुष्य साधारण अर्धं होतं असं वाचलं, आणि ६व्ही६ च्या बाजूलाच ते उभे आहेत.

रिवाइंडिंगवाल्या भाऊंना स्कोपचा फोटो दाखवला. ते पंपाच्या मोटारी आणि स्टॅबिलायझर गुंडाळतात, त्यांनी असं काही पाहिलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवर बसून मी कागदावर सँडविच काढून दाखवलं. त्यांनी ते नीट पाहिलं आणि विचारलं, 'मग सेकंडरीचेही दोन थर करून मधे प्रायमरीचा आणखी एक भाग घातला तर?' मी म्हटलं आधी हे करू. दोन दिवसांत करून दिला. पैसे फक्त तांब्याचे घेतले आणि म्हणाले, वाजवून दाखव.

रेशो: ६.१ दिले, १५३ आले. बरोबर.

मग परीक्षा. नवा ट्रान्सफॉर्मर, ३३ के, आणि स्पीकरवरचा १० ओहम-०.२२ मुद्दाम काढून टाकलेला. स्पीकर जोडलेला, व्हॉल्यूम शून्य. सरळ रेघ. गिटार जोरात छेडली. सूर विझला, रेघ सरळ. हात जवळ नेला, तार हलवली, स्क्रीन २७५ वरून हलली नाही. २२ के लावून बघितला, तेव्हा मात्र जोरात छेडल्यावर लाटेच्या शिखरावर एक बारीक सुरकुती आली आणि लगेच गेली. ३३ के वरच थांबलो. १० ओहम-०.२२ परत जोडून ठेवला आहे, कधी कुणी दुसरा स्पीकर लावला तर असू द्यावा म्हणून.

काल संध्याकाळी त्या भाऊंच्या दुकानात अँप घेऊन गेलो. त्यांनी हातातलं वाइंडिंग थांबवून पूर्ण गाणं ऐकलं.


जुनारेडिओ
रविवार, संध्याकाळी ७:०५

फार बरं वाटलं वाचून. आता एक काम राहिलंय. प्रायमरीचं प्लेटकडे जाणारं टोक कुठल्या रंगाचं, सेकंडरीचं चेसिसला जाणारं कुठलं आणि फीडबॅक कुठल्या टोकावरून घेतलाय, हे कागदावर लिहून मागच्या झाकणाच्या आत चिकटव. व्होल्टेजही लिही. दहा वर्षांनी दुसरा कुणी ते झाकण उघडेल.


मानेवाडा_सहातारी
रविवार, संध्याकाळी ७:५०

चिकटवलं काका. खाली तारीख टाकली आणि ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्या भाऊंचं नावही लिहिलं.